खळ्यावर कोण असतं?

भोईवाडा, परळ
११ मार्च

चि. नमू,

आत्याचा आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. कान तेवढे कामातून गेलेत. तू फोन करतेस, मी हो हो म्हणते आणि ठेवल्यावर विचार करत बसते की आपण नेमकं कशाला हो म्हटलं. म्हणून म्हटलं, पोस्टात जाऊन पाकिटं आणावीत. काउंटरवरची बाई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी हत्ती मागितला.

कामाचं लिहिते. आपल्या चाळीमागचं खळं जाणार असं सगळे म्हणतात. तुमच्या कागदात त्याला भूखंड म्हणत असतील, पण आम्ही कोकणातल्या बायका. घरापुढे खळं नाही तर मागे तरी असू दे म्हणून त्यालाच खळं म्हणत आलो. कोर्टानं म्हणे ते मालकाला परत दिलं, आणि तिथे टॉवर येणार. तू पालिकेच्या कायदा खात्यात बसतेस, तर खरं काय ते मला लिही. चाळीत विचारलं तर सगळे हात वर करून काहीतरी सांगतात, मला ओठांवरून काही कळत नाही.

सध्या मिरचीचे दिवस आहेत. सकाळी ऊन चढलं की ताडपत्री घेऊन खाली जायचं ते संध्याकाळपर्यंत. पलीकडच्या चाळीतली शांता असते, अंबिका असते, मनू असते. बेडगी कोणाची चांगली यावरून भांडण ठरलेलं. अंबिका अजून तसंच म्हणते, "गे कांता, तुझी मिरची लाल नाय, लाजलेली दिसता." तूही लहानपणी सुट्टीत यायचीस, देठ मोडून तेच हात डोळ्यांना लावायचीस आणि मग सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं रडायचीस. आठवतं का?

खळं गेलं तर मी दिवसभर करू काय, नमू? खोलीत बसून भिंत बघू? जमेल तेव्हा लिही.

आत्या

---

फोर्ट
१९ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र ऑफिसात आलं आणि शिपायानं ते सगळ्यांना दाखवून मग माझ्या हातात दिलं. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट आमच्याकडे आता फक्त तक्रारीचं येतं.

मोठ्या अक्षरात लिहिते आहे, आणि सोपं करून. खळ्याची जागा एका ट्रस्टच्या मालकीची आहे. जुन्या विकास आराखड्यात ती मोकळी जागा म्हणून राखून ठेवली होती, पण पालिकेनं ती कधी ताब्यात घेतली नाही. मालक कोर्टात गेले. म्हणाले, पालिकेनं घेतली नाही आणि लोकही वापरत नाहीत, मग आम्हाला मोकळी करा. आमच्या वकिलांनी सांगितलं की लोक वापरतात. तेव्हा कोर्टानं आपला एक माणूस जागा बघायला पाठवला. त्याचा अहवाल असा की जागा स्वच्छ आणि रिकामी, वापराची एकही खूण नाही. त्यावरून निकाल आपल्या विरुद्ध गेला.

आता वर दिल्लीला अपील करायचं की नाही हे पालिकेच्या समितीला ठरवायचं आहे. मुदत मेअखेर. समितीला आमच्या खात्याची टिपणी लागते, आणि ती फाईल नेमकी माझ्या टेबलावर आहे. साहेबांचा कल अपील करू नये असा आहे. म्हणतात, रिकाम्या जागेसाठी लढून काय सांगणार?

म्हणूनच सध्या मला तिकडे येता येणार नाही. फाईल माझ्याकडे असताना मी त्याच जागेवर दिसले तर बरं दिसणार नाही. तू समजून घेशील.

एक विचारायचं होतं. तो माणूस गेल्या एप्रिलमध्ये आला होता, दुपारचा, पांढऱ्या गाडीतून. तुम्ही चौघी तर रोज तिथे असता. मग त्याला कोणीच कसं दिसलं नाही?

शांतामावशींचा गुडघा कसा आहे?

तुझी
नमू

---

भोईवाडा
२५ मार्च

चि. नमू,

अगं, पांढरी गाडी! तिला कोण विसरेल. ती कोपऱ्यावर वळताना दिसली आणि ओरड झाली, "गाडी इली गे!" पुढची गंमत तू असतीस तर बघितली असतीस. पालिकेची गाडी आली की काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवायला नको. माझ्या सासूच्या काळापासून चालत आलंय. गाडी एकदा का ताडपत्री उचलून घेऊन गेली की वर्षाचा मसाला गेला, वर दंड भरा.

शांतानं चारी टोकं धरून मिरची उचलली, अंबिकानं सुपं काखेत मारली, मनूनं दोरी सोडली. मी खराट्यानं सगळं झाडून घेतलं. तो साहेब गाडीतून उतरून चष्मा पुसेपर्यंत आम्ही जिन्यात. वरून बघत होतो. इकडे फिरला, तिकडे फिरला, खाली वाकला, फोटो काढले. काढ म्हटलं बाबा. एक देठ सापडला असेल तर शपथ! तो गेल्यावर आम्ही इतक्या हसलो की मनूला उचकी लागली.

तुझे साहेब काय म्हणतात त्याचं मला काही नाही, पण तुझ्या टेबलावर फाईल आहे हे वाचून बरं वाटलं. तुझा बाप असता तर सगळ्या परळला सांगत फिरला असता.

यायचं जमत नसेल तर राहू दे. इथे काय, बायका आहेत, गप्पा आहेत, दिवस कुठे जातो कळत नाही.

आत्या

---

फोर्ट
३ एप्रिल

ती. आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि टेबलावरून उठून पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. हसू की रडू कळेना.

आत्या, ती पालिकेची गाडी नव्हती. तो कोर्टाचा माणूस होता. तुम्ही जागा वापरता का, एवढंच बघायला आला होता. तुम्ही तशाच बसून राहिल्या असतात तर त्यानं तेच लिहिलं असतं.

पण वाईट वाटून घेऊ नका, चौघींपैकी कोणीच. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची ताडपत्री पालिका उचलून नेते, त्या बायका गाडी बघून आणखी काय करणार? आणि हेच आता आपल्या कामाला येणार आहे. मी साहेबांना सगळं सांगितलं, तुझं माझं नातंही सांगितलं. लपवून चाललं नसतं. साहेब आधी रागावले, मग म्हणाले, "ही बाई खरं सांगत असेल तर अपिलात दम आहे." फाईल माझ्याकडून काढून विनीत म्हणून माझा सहकारी आहे त्याला दिली. टिपणी आता तो लिहील. तो येऊन तुम्हा चौघींचे जबाब घेईल. रोज कोण बसतं, काय वाळवतं, त्या दिवशी काय झालं, एवढंच सांगायचं.

चौघींनी सांगितलं की झालं. मला पहिल्यांदाच वाटतंय की आपण जिंकू.

नमू

---

भोईवाडा
१० एप्रिल

चि. नमू,

पत्र मिळालं. त्या विनीतला एवढ्यात पाठवू नकोस. शांताला बरं नाही. अंबिका गावाला गेली आहे, कधी येईल सांगता येत नाही. मनूच्या घरी कसलं तरी कार्य आहे. उन्हं पण फार आहेत.

माझ्या एकटीच्या सांगण्यानं भागत नाही का? मी सगळं नीट सांगेन.

आत्या

---

फोर्ट
१६ एप्रिल

ती. आत्या,

तू घाबरली आहेस हे मला कळतंय. कोर्ट म्हटलं की आपली माणसं चार हात लांबच राहतात. पण दिल्लीला कोणालाही जायचं नाही, उलटतपासणी नाही, काही नाही. विनीत अगदी साधा मुलगा आहे, चहासुद्धा संकोचाने पितो.

एकीच्या जबाबावर समिती हलणार नाही, आत्या. मालकाचा वकील म्हणेल, एक म्हातारी बसते, त्याला काय सार्वजनिक वापर म्हणतात? चौघी हव्यात. अंबिकाकाकूंना गावाहून बोलावून घे, गाडीभाडं मी देते. शांतामावशी झोपून असल्या तर विनीत त्यांच्या खाटेपाशी बसून लिहून घेईल.

तो मंगळवारी, एकवीस तारखेला येतो आहे. आता मागे हटू नका.

नमू

---

भोईवाडा
२२ एप्रिल

चि. नमू,

विनीत काल येऊन गेला. पोरगा चांगला आहे, त्याला काही बोलू नकोस.

मी सकाळीच खळ्यावर चार ताडपत्र्या पसरल्या. माझी एक, आणि माळ्यावर शांताची, अंबिकाची, मनूची अशा पडून होत्या त्या. असलेली मिरची चौघींत वाटली. एकेकीच्या वाट्याला जेमतेम मूठभर आली. विनीतला म्हटलं, बस बाबा, जेवायला गेल्यात, येतील आता. तो बसला. पन्हं दिलं ते प्यायला. माझं सांगणं सगळं लिहून घेतलं. मग आम्ही दोघं वाट बघत बसलो. मी मधूनमधून चाळीच्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, ह्या बायका एकदा बोलत बसल्या की उठत नाहीत. ऊन फिरलं, चाळीची सावली खळ्यावर आली. शेवटी त्यानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माझ्यापुढे धरलं, "आजी, कोणी येणार नाही ना?"

मी मान हलवली.

अंबिका गेली, नमू. येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. शांताला तिचा मुलगा गौतम बदलापूरला घेऊन गेला. जाताना ताडपत्री माझ्याकडे ठेवून म्हणाली, "मिरचीला येते की नाही बघ." एकदा आली. मग गुडघ्यानं जिना उतरवेना. मनूची खोली विकली, ती कणकवलीला भावाकडे आहे.

गाडीची गोष्ट मी रचली नाही. वर्षानुवर्षं ती तशीच घडायची, शांता टोकं धरायची, अंबिका सुपं उचलायची, सगळं तसंच. फक्त गेल्या एप्रिलात चौघी नव्हत्या. मी एकटी होते. गाडी वळताना दिसली आणि मी ओरडलेसुद्धा, "गाडी इली गे!" कोणाला ओरडले कोण जाणे. मग माझी मिरची उचलली, झाडून घेतलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. त्यानंतर कोणी हसलं नाही.

आणि मिरची तर केव्हाच वाळली आहे. रोज तीच खाली नेते, पसरते, संध्याकाळी भरून वर आणते. नुसतं जाऊन बसलं की लोक थांबून विचारतात, काय काकू, बरं वाटत नाही का? पुढ्यात मिरची असली की कोणी विचारत नाही. बसलं की रस्त्यावरची माणसं दिसतात. शाळेची पोरं जातात, भाजीवाला हात करतो. वर खोलीत तेवढंही नाही.

तुला खोटं लिहिलं त्याचं कारण सांगते. अंबिका गेली तेव्हा तुला फोन करणार होते. मग म्हटलं, ती विचारेल, आता तुझ्यासोबत कोण असतं, आणि मला काय सांगायचं ते सुचेना. आत्याकडे माणसं आहेत असं तुला वाटत असलं की तुझ्या जिवाला घोर नाही. तुझी नोकरी, तुझं बोरिवलीचं घर, त्यात माझं ओझं कशाला?

माझ्यामुळे तुझी ऑफिसात मान खाली गेली असेल. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आत्या

---

फोर्ट
२ मे

ती. आत्या,

तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला.

ऑफिसात कोणाची मान खाली गेलेली नाही. विनीतनं येऊन मला फक्त एवढंच सांगितलं, "तुझ्या आत्यानं मला चार वेळा पन्हं दिलं." त्यानं टिपणीत खरं ते लिहिलं आहे. जागा एक बाई रोज वापरते, आधी अनेक वापरत होत्या, आणि कोर्टाचा माणूस आला त्या दिवशी गैरसमजाने जागा रिकामी केली गेली. अपील करावं की नाही हा रकाना त्यानं समितीवर सोडला.

अंबिकाकाकू गेल्या आणि मला माहीत नाही. परवा त्यांना गावाहून बोलावून घे, भाडं मी देते असं तुला लिहिलं होतं. ते वाक्य डोळ्यांपुढून जात नाही. तू ते वाचलंस तेव्हा तुला काय वाटलं असेल!

मी रोज प्रभादेवीवरून जाते, आत्या. उतरले तर दहा-पंधरा मिनिटांत तुझ्या दारात. समितीची बैठक १९ तारखेला आहे. तोवर आले तर मालकाचे वकील म्हणतील साक्षीदार पढवला. हे कारण खरं आहे. पण ते मला सोयीचंही आहे, हे आज मला कळलं. इतकी वर्षं कुठली ना कुठली सोय होतीच.

बैठक झाली की कळवते.

नमू

---

फोर्ट
२० मे

ती. आत्या,

अपील करायचं ठरलं!

मी आत जाऊ शकत नव्हते, विनीतनं सगळं सांगितलं. सुरुवातीला रंग चांगला नव्हता. एक सदस्य म्हणाले, "एका म्हातारीच्या मिरचीसाठी दिल्लीला जायचं का आपण? वकिलाची फी कोण देणार, ती?" सगळे हसले. तेव्हा तुमच्या वॉर्डातली नगरसेविका उठली. नवीनच निवडून आली आहे म्हणे. ती म्हणाली, "हसताय काय साहेब? बाकीच्या बायका कुठे गेल्या ते विचारा ना. बदलापूरला गेल्या, गावाला गेल्या, वर गेल्या. परळात त्यांना परवडेल असं आपण काही ठेवलंच नाही. एकच उरलीय, तर तिची जागा पण देऊन टाकायची का? एक बाई रोज येऊन बसते म्हणजे जागा वापरात आहे. मी तर म्हणते अपील करा." हसणं थांबलं. मग बराच वाद झाला, पण हात मोजले तेव्हा अपिलाच्या बाजूने जास्त निघाले. निकाल लागेपर्यंत जागा सुरक्षित ठेवावी, असंही ठरावात घातलं आहे, म्हणजे मालकाला मध्येच काही करता येऊ नये.

आपण जिंकलो, आत्या. म्हणजे तू जिंकलीस. टॉवर निदान आता तरी होत नाही.

आता मला यायला कसलीच अडचण नाही. इथे अपिलाच्या कागदांची गडबड आहे, साहेब कोणालाच रजा देत नाहीत. जूनमध्ये जरा हलकं होईल, तेव्हा नक्की येते. आपण दोघी खळ्यावर बसू.

नमू

---

भोईवाडा
३० मे

चि. नमू,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि गॅलरीत जाऊन खळ्याकडे बघत उभी राहिले. त्या पोरीनं माझ्यासाठी भांडावं, आणि मी तिला ओळखतसुद्धा नाही. तिला माझा आशीर्वाद कळव.

मंगळवारी पालिकेची माणसं आली. या खेपेला खरीच. मी खाली बसले होते. काही उचललं नाही. म्हटलं, आता ही आपली माणसं, यांनी बघू दे आपण बसलोय ते. त्यांनी हातानं खुणा केल्या, आजी उठा. मग ट्रकमधून पत्रे उतरवले. संध्याकाळपर्यंत खळ्याच्या चारी बाजूंनी उंच निळे पत्रे उभे राहिले, एका अंगाला दार आणि दाराला कुलूप. वर पाटी, जागा पालिकेच्या देखरेखीखाली, आत येण्यास मनाई. मी त्यांना सांगितलं, ज्या बाईसाठी हे चाललंय ती मीच. मुकादम काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही हे बघून त्यानं कुलपावर बोट ठेवून दाखवलं.

चूक त्यांची नाही. त्यांना जागा सांभाळायला सांगितली, त्यांनी सांभाळली. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी विनीतला पोस्टकार्ड टाकून विचारलं होतं, अपील किती दिवस चालतं. त्याचं उत्तर काल आलं, आजी, सांगता येत नाही, काही वेळा वर्षं लागतात. खरं लिहिलं, हे बरं केलं.

खोलीतून आता पत्र्याची वरची कड दिसते. खळ्यावरून दिसायचा तो रस्ता दिसत नाही. भाजीवाला दिसत नाही. दोन दिवस मी मिरची पिशवीत भरून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. कालपासून गेलेच नाही.

तू मनापासून धडपडलीस, आणि टॉवर झाला नाही याचा मला आनंदच आहे. तो आनंद मी खोटा लिहीत नाही. पण तुला आजवर मी लिहिलं नाही ते आता लिहिते. मी फार एकटी आहे गं, नमू. सकाळ झाली की संध्याकाळ कशी करायची हे मला सुचत नाही. कोणी नुसतं माझ्याशी गप्पा मारायला ओठ हलवलेत, असं होऊन किती दिवस झाले ते आठवत नाही.

तू जूनमध्ये येईन म्हणतेस ते खळ्यावर बसायला. तिथे बसायची सोय आता राहिली नाही. तू मला भेटायला ये. काही काम नसताना ये. हे पत्र मिळेल त्या रविवारी ये.

आत्या